दहा पावलं मागे

प्रवासाच्या आदल्या रात्री आठनंतर मी पाणी बंद करते. डॉक्टर रागावतात, आई रागावते, आणि दोघांचंही बरोबर आहे. पाणी कमी पडलं की मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि माझ्यासारखीला तो एका गोळीत उतरत नाही. पण विमानातल्या शौचालयाच्या दारातून माझी चाकांची खुर्ची जात नाही. विमानतळावर अपंगांसाठीचं शौचालय असतं, फक्त त्यात त्या दिवशी बादल्या आणि पुसण्या रचून ठेवलेल्या नसतील याची खात्री कोणी देत नाही. मला दर चार तासांनी कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालावा लागतो. घरातून निघून मुक्कामाच्या खोलीत पोचेपर्यंत सात तास जातात. हिशेब जमत नाही, म्हणून पाणी बंद.

हे असं उघड लिहायला मला बरीच वर्षं लागली.

२०१२ साली मुंबई-गोवा महामार्गावर स्कूटरला अपघात झाला. पाठीतला बारावा मणका मोडला. तेव्हापासून कमरेखाली हालचाल नाही आणि स्पर्शही कळत नाही. चालता येत नाही हे लोकांना दिसतं. स्पर्श कळत नाही हे दिसत नाही, आणि प्रवासात मला जास्त भीती त्याचीच असते. पाय कुठे आपटला, कुठे चिमटला, मला कळणार नाही. एरवी माझं बरं चाललं आहे. वेंगुर्ल्याच्या बाजूला एका काजू कारखान्याचे हिशेब बघते. घरापासून कारखान्यापर्यंत भावाची मारुती व्हॅन, तिथे उतारावर फळी टाकलेली, आणि टेबल माझ्या उंचीचं करून घेतलेलं.

दहा वर्षं मी कुडाळ-सावंतवाडीच्या पुढे गेले नव्हते. रेल्वेच्या डब्यात चढायचं म्हणजे भाऊ आणि फलाटावरची दोन अनोळखी माणसं, पुढे दहा तास बसून काढायचे आणि शौचालयाचा प्रश्न तोच. मग ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचा विमानतळ सुरू झाला, जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून विमानं उडायला लागली, दाभोळी आधीपासून होतंच. म्हणजे आमच्या घरातून गाडीनं गाठता येतील असे तीन विमानतळ झाले. मी त्यांतले एकाहून अधिक वापरले आहेत. खाली कुठलं कुठे घडलं ते मुद्दाम लिहीत नाही. विमान कंपनीचं आणि जिथे उतरले त्या शहराचंही नाव लिहीत नाही.

पहिला प्रवास २०२३ च्या डिसेंबरात, मावसबहिणीच्या लग्नाला. सोबत धाकटा भाऊ. तिकीट त्यानंच मोबाइलवर काढलं. तिकीट काढताना व्हीलचेअर हवी का, असं विचारतात आणि पुढे तीन प्रकार येतात. पहिला, ज्यांना जिना चढता येतो पण लांब चालवत नाही त्यांच्यासाठी. दुसरा, ज्यांना जिना जमत नाही पण विमानात शिरल्यावर आसनापर्यंत चालता येतं त्यांच्यासाठी. तिसरा, ज्यांना अजिबात चालता येत नाही, आसनापर्यंत न्यावं लागतं त्यांच्यासाठी. मी तिसऱ्यातली. भावानं यादीत वर होता तो पहिला प्रकार निवडला. त्याला वाटलं व्हीलचेअर म्हणजे व्हीलचेअर. त्या एका खुणेमुळे जिन्यापाशी सगळे माझी उठून चढायची वाट बघत राहिले. कोणी पहिल्यांदा जाणार असेल तर एवढं नीट बघा. माणसं किती येणार, विमानातल्या वाटेतून नेता येते ती अरुंद खुर्ची येणार की नाही, सगळं त्यावरून ठरतं.

काउंटरवरच्या मुलीनं भावाला विचारलं, "यांना चालता येतं का?"

मी म्हटलं, "नाही येत."

"यांचं आधार कार्ड?" हेही भावालाच. कार्ड माझ्या हातात होतं, मी हात वर केला होता.

ती मुलगी उद्धट नव्हती. चेहऱ्यावर हसू होतं, आईची चौकशी करावी तशी तिनं माझी चौकशी केली, फक्त माझ्याकडे न बघता. "यांना खिडकी देऊ का?" "यांना औषधं वगैरे काही?" भाऊही बिचारा उत्तरं देत गेला. आमच्या घरात तो पहिल्यापासून बोलका, आणि अपघातानंतरच्या वर्षांत रुग्णालयात, बँकेत, तहसीलदार कचेरीत तोच बोलत आला. त्याला सवय लागली होती आणि खरं तर मलाही.

मग त्यांनी माझी खुर्ची मागितली. ती सामानात जाईल, तुम्ही आमच्या खुर्चीत बसा. मी बसले. तेव्हा मला नियम माहीत नव्हता.

माझ्या खुर्चीत हवेची उशी असते. चार-पाच कप्प्यांत हवा खेळते, त्यामुळे बसल्या जागी एकाच हाडावर भार येत नाही. विमानतळाच्या खुर्चीला रेक्झिनची झोळी असते. धडधाकट माणसाला त्यात दोन तास काहीच होत नाही, कारण तो नकळत बूड हलवतो. मला टोचतंय हेच कळत नाही, म्हणून मी दर पंधरा मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन स्वतःला उचलते आणि मनात वीस मोजते. त्या खुर्चीला हातही नीट नव्हते. २०१४ साली बसच्या बाकावर बसून मला एक जखम झाली होती, रुपयाएवढी. ती भरायला तीन महिने पालथं पडून राहावं लागलं. पावसाळा होता, तीन महिने मी खिडकीतून फक्त तुळशीवृंदावनाचा खालचा भाग बघितला. 'खुर्ची सामानात टाका' या वाक्याचा माझ्या लेखी एवढा अर्थ होतो.

सुरक्षा तपासणीत पडद्याआड नेलं. बाई होत्या, नियमाप्रमाणे. "उभ्या राहा." नाही राहता येत. "थोडं तरी?" थोडंही नाही. त्या गोंधळल्या, मग माझ्या पायांना हात लावायला घाबरू लागल्या. मीच सांगितलं, लावा, मला दुखत नाही. तपासणी झाली. त्यांच्याबद्दल मला काही तक्रार नाही.

विमान उघड्यावर उभं होतं, जिना लावलेला. तिघं जण आले. एकानं काखेत हात घातला, दुसऱ्यानं दुसऱ्या काखेत, तिसऱ्यानं पाय धरले, आणि "उचला रे" म्हणून उचललं. मी "थांबा, एक मिनिट" म्हणत होते. काखेतला हात पुढे सरकला. सदरा वर गेला. खाली बसमधून उतरलेले प्रवासी रांगेत उभे होते, पुढचा जिना अडल्यामुळे सगळ्यांना माझ्याकडेच बघावं लागत होतं. एक माणूस मोबाइल धरून उभा होता. चित्रीकरण करत होता की नाही, मला माहीत नाही. पण त्या क्षणी मला तसंच वाटलं. भाऊ खालून सांगत होता, "तिला असं नका धरू, पाठीमागून धरा," आणि वरचा माणूस म्हणत होता, "काळजी करू नका भाऊ, आम्ही रोज करतो."

तेवढ्यात रांगेतली एक बाई पुढे आली. साधारण माझ्याच वयाची, हातात लहान मूल. तिनं ते मूल नवऱ्याकडे दिलं, जिन्याच्या पायथ्याशी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी ओढणी पसरून धरली. मी आत जाईपर्यंत तशीच. एकदाही मागे वळली नाही. विमानात ती माझ्या शेजारून गेली तेव्हाही काही बोलली नाही. तिचे आभार मानायचे राहून गेले.

उतरल्यावर सगळे गेल्यावर शेवटी मला काढलं, आणि एका खांबाजवळ ठेवलं. ठेवलं हेच क्रियापद बरोबर आहे. ओळीनं पाच खुर्च्या, ढकलणारा माणूस एक. तो एकेकाला सोडून परत येत होता. भाऊ पट्ट्यावर माझी खुर्ची शोधायला गेलेला. माझ्या शेजारी एक आजोबा होते, धोतर, टोपी. गणवेशातलं कोणी दिसलं की ते हळू आवाजात म्हणत, "जरा मोरीकडे सोडता का?" समोरचा म्हणे, "आलोच काका." चार वेळा. पाचव्यांदा त्यांनी विचारलंच नाही. मला स्वतःची चाकं असती तर मी त्यांना तरी कोणाकडे तरी घेऊन गेले असते, पण त्या खुर्चीची चाकं लहान होती, बसणाऱ्याला फिरवता येत नाहीत अशी. माझी खुर्ची आली तेव्हा तिची एक पायपट्टी वाकली होती.

दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये पेपरात बातमी आली. परदेशातून मुंबईला उतरलेलं एक वृद्ध जोडपं, मिळाली एकच व्हीलचेअर. त्यात बायको बसली आणि ऐंशी वर्षांचे आजोबा मागून चालत निघाले. इमिग्रेशनपाशी कोसळले आणि गेले. त्या प्रकरणात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं विमान कंपनीला ३० लाखांचा दंड केला. ती बातमी वाचताना मला ते धोतरवाले आजोबाच दिसत होते. त्यांचं पुढे काय झालं, कोण आलं, मला माहीत नाही.

लग्नघरी त्या रात्री भावाशी बोलले. म्हटलं, परत जाताना तू माझ्यासोबत चालू नकोस. दहा पावलं मागे राहा. रांगेत वेगळा उभा राहा.

तो दुखावला. "ताये, माझा काय चुकला?"

"तुझं नाही चुकलं रे. तू दिसलास की ते तुझ्याशीच बोलतात. तू नसलास तर त्यांना माझ्याशी बोलावं लागेल."

तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आणि काय लागला तर?" म्हटलं, हाक मारीन.

परतीच्या प्रवासात तो खरंच दहा पावलं मागे राहिला. काउंटरवरच्या मुलानं इकडेतिकडे बघितलं, सोबतचं माणूस शोधलं, सापडलं नाही, आणि मग त्यानं मान खाली घालून मला विचारलं, "मॅडम, जिना चढू शकता?" मागे वळून बघितलं तर भाऊ खांबाआडून बघत होता.

अनोळखी माणसांबद्दल लिहायचं तर पुष्कळ आहे. आमच्याकडची माणसं विचारल्याशिवाय राहत नाहीत. "जन्मापासून की मागाहून?" हा प्रश्न मला बसस्टँडवर, बाजारात, देवळात आणि आता विमानाची वाट बघतानाही येतो. एकदा शेजारच्या काकींनी पिशवीतून खाजं काढून हातावर ठेवलं आणि विचारलं, "कौल लावलंस काय गो?" मी म्हटलं, लावला होता, आईनं. "मग काय सांगल्यान?" देवानं उजवा दिला म्हणाली, म्हणजे होकाराचा. "मग होतला बरा," असं म्हणून त्यांनी माझ्या गुडघ्यावरून हात फिरवला. पूर्वी मला अशा वेळी राग यायचा. आता येत नाही. त्या माझ्याशी बोलत होत्या, माझ्याकडे बघून. गुडघ्यावरचा हात मला कळला नाही, पण दिसला.

राग येतो तो न विचारता खुर्ची ढकलणाऱ्यांचा. मी खुर्ची थांबवून पाटी वाचत असते, आणि अचानक पुढे सरकायला लागते. मदतच करायची असते त्यांना. पण कोणी मागून येऊन तुमचा दंड धरून तुम्हाला चालवायला लागलं तर कसं वाटेल? एकदा माझी बोटं आऱ्यांत सापडली, नख निघालं. त्यानंतर मी खुर्चीच्या मागच्या मुठी बदलून घडीच्या करून घेतल्या. एरवी त्या खाली दुमडलेल्या असतात, मला हव्या तेव्हाच उघडते.

२०२५ च्या जानेवारीत एकटी गेले. काजू सोलण्याच्या यंत्रांचं प्रदर्शन होतं, मालक दोन दिवस आधीच गेले होते, आणि यंत्राच्या किमतीचा, कर्जाचा, वीजबिलाचा हिशेब मी मांडला होता, तेव्हा मलाच यायला सांगितलं. आई तीन दिवस बोलली नाही. भाऊ म्हणाला, "दहाच्या जागी पाचशे किलोमीटर मागे राहतो."

या वेळी तयारी केली. विमान सुटायच्या ४८ तास आधी विमान कंपनीला कळवावं लागतं, मी चार दिवस आधी फोन केला आणि तिसरा प्रकार नोंदवला. महासंचालनालयाच्या नियमाची प्रत छापून घेतली आणि तीन जागी पेनानं खुणा केल्या. स्वतःची खुर्ची वापरायची इच्छा असेल तर ठरलेल्या मापात बसणारी खुर्ची वापरू द्यावी. आपलं खाणं, बोलणं, शौच स्वतः बघू शकतो असं प्रवाशानं सांगितलं तर सोबतीचा आग्रह धरू नये. आणि केवळ अपंगत्व आहे म्हणून विमानात घ्यायला नकार देता येणार नाही. प्रतीच्या मागे मी एक नाव लिहून ठेवलं होतं, जीजा घोष. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या कार्यकर्त्या फेब्रुवारी २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला परिषदेसाठी निघाल्या होत्या. आसनावर बसल्यानंतर त्यांना विमानातून उतरवलं. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि मे २०१६ मध्ये त्यांना १० लाख रुपये भरपाई देण्याचा निकाल लागला. त्या निघाल्या होत्या ते आमच्याच शेजारी. आणि माझा अपघातही त्याच वर्षातला. काउंटरवर घशाला कोरड पडली की मला त्यांची आठवण होते.

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही. मी एकटी आहे."

"मॅडम, एकट्यांना अशा केसमध्ये..." मी प्रत पुढे केली. त्या मुलानं ती वाचली. मनापासून वाचली, खुणा केलेली वाक्यं ओठ हलवत. मग वरिष्ठांना बोलावलं. ते आले, वाकले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत राहील. उशी वर न्यायची का?" उशीबद्दल त्यांनी आपणहून विचारलं. मला उत्तर द्यायला क्षणभर सुचेना.

विमान लहान, पंख्याचं. दार मागच्या बाजूला आणि दारालाच चार-पाच अरुंद पायऱ्या. तिथे चौघं आले, अरुंद खुर्ची घेऊन. त्यांतला एक पन्नाशीचा, दंड काळेभोर, पुढे येऊन म्हणाला, "ताय, कसा उचलूचा ता तुमीच सांगा."

बारा वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. एकानं पाठीमागून, काखेखालून हात घालायचे. मी छातीवर हातांची घडी घालते, त्यानं माझी मनगटं धरायची, म्हणजे हात दुसरीकडे सरकत नाहीत. दुसऱ्यानं गुडघ्यांखालून दोन्ही पाय एकत्र धरायचे. मी तीन म्हणेन तेव्हा उचलायचं, त्याआधी नाही. त्यांतला एक तरुण मधेच पुढे झाला तसा तो पन्नाशीचा माणूस म्हणाला, "आदी तेंचा आयक. रापण वडताना हाळी एकच माणूस देता ना? आज हाळी ही देतली." रापण म्हणजे किनाऱ्यावरून बऱ्याच जणांनी मिळून ओढायचं मासेमारीचं जाळं, आणि हाळी म्हणजे ओढताना द्यायची हाक.

मी एक, दोन, तीन म्हटलं. अरुंद खुर्चीत बसवलं, पट्टे आवळले, आणि मी पुन्हा तीन म्हटल्यावर चौघांनी खुर्ची पायऱ्यांवरून वर नेली. सदरा जागच्या जागी राहिला. वर गेल्यावर त्यांना नाव-गाव विचारलं. मालवणच्या बाजूचे, पूर्वी रापणीवर जायचे. उशी त्यांनी आसनावर ठेवली आणि विचारलं, "सरळ आसा मा?" उलटी होती. फिरवून दिली.

शहरात उतरल्यावर खुर्ची दारात मिळाली, पायपट्ट्यांसकट. प्रदर्शनाचं इथे लिहीत नाही. यंत्र घेतलं एवढं सांगते. परतीचा प्रवास मध्यम झाला. एका बाईंनी माझ्या ऐवजी शेजारच्या अनोळखी प्रवाशाला विचारलं, "यांना पाणी हवंय का?" तो बिचारा म्हणाला, "मला काय माहीत, त्यांना विचारा." मी पाणी घेतलं. अर्धा पेला प्यायले.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई माझ्याशी बोलायला लागली नव्हती अजून. तिनं नेहमीसारखं मला पलंगावर घेतलं, मोजे काढले, आणि दिवा जवळ ओढून पाय बघायला लागली. टाच, घोटे, बोटांमधल्या फटी. प्रत्येक प्रवासानंतर ती हे करते, कारण मला सांगता येत नाही.

डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं.

"खंय लागला ह्या?"

मी आठवत राहिले. जाताना की येताना? पायऱ्यांवर पाय कोणी सोडला नव्हता. आसनाखालच्या दांड्याला लागलं असेल, किंवा अरुंद खुर्चीतून वळताना दाराच्या कडेला, किंवा प्रदर्शनातच एखाद्या यंत्राच्या पायाला. मला काहीच सांगता येईना. आईनं थंड पाण्याचं फडकं ठेवलं, पाय उशीवर उंच केला, आणि तीन दिवसांचं न बोललेलं सगळं बोलायला सुरुवात केली.

ती बोलत असताना मी हिशेबाची वही ओढली आणि मागच्या पानावर, जिथे विमानाच्या गोष्टी लिहिते, तिथे लिहिलं: बंद बूट घालणे. पावलांना वेगळा पट्टा, घरूनच नेणे. उचलण्याआधी सांगायच्या यादीत 'पाय दाराला लागणार नाहीत हे एकानं बघायचं', हे चौथं.